कवडसे डोळ्यांना दिसतात तसे फोटोत का उतरत नाहीत?

अर्धी_सावली

नमस्कार मंडळी. दोन वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरतेय. बऱ्यापैकी फोटो जमायला लागलेत असं वाटत होतं, तेवढ्यात कवडशांनी माझा पार पोपट केला.

घरामागे बारीक पानांचं एक मोठं झाड आहे, त्याखाली लाकडी बाक, बाकामागे पांढरी भिंत, भिंतीला लगटून चढलेला एक वेल. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन झाडातून गाळून येतं तेव्हा बाकावर, जमिनीवर, भिंतीवर सगळीकडे उन्हाचे ठिपके पसरतात आणि वारा सुटला की सगळे एकदम थरथरतात. गेल्या रविवारी मामा तिथे पेपर वाचत बसले होते. अर्धा पेपर उन्हात, अर्धा सावलीत, चष्म्याच्या दांडीवर एक बारीकशी तिरीप. मी पळत जाऊन कॅमेरा आणला, तेवीस फोटो काढले. मामा एकदाही हलले नाहीत, त्यामुळे तीही सबब मला नाही.

घरात येऊन मोठ्या स्क्रीनवर बघते तर मामांच्या टकलावर बल्ब! खरंच, पेटवून ठेवल्यासारखा पांढरा गोळा. त्यात कातडी नाही, रंग नाही, काही नाही. पेपराच्या उन्हातल्या भागावर एक अक्षर शिल्लक नाही. शेवटचे काही फोटो मी उणे दोनवर (म्हणजे कॅमेऱ्याला मुद्दाम गडद काढायला सांगून) काढले होते, त्यात टक्कल शाबूत आहे पण मामांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे. मग मोबाइलने काढून पाहिला. त्यात सगळं दिसतं, टक्कल, डोळे, अक्षरं, पण ऊन गेलं कुठे? ढगाळ दिवशी काढल्यासारखा सपाट फोटो.

त्यात आणखी मामांचा चेहरा हिरवट आलाय. पांढरा सदरा उन्हात पिवळसर, सावलीत निळा-हिरवा. आईने फोटो बघितला आणि म्हणाली, ह्याला आधी डॉक्टरकडे ने.

पण मी सगळ्यात जास्त वैतागलेय ती मागच्या भिंतीवर. तिचे वेगळे फोटोही काढले, फोकस नीट भिंतीवर लावून. काही पानांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या रेखीव, आणि त्यांच्या शेजारीच काही अगदी धुरकट. भिंत एकच, अंतर तेच, मग अर्ध्या सावल्यांना फोकस लागला आणि अर्ध्यांना नाही, असं कसं? लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११ इतकं बारीक करूनही फरक नाही. लेन्स बिघडलीय का?

सेटिंग: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ/४, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ४००, शटर कॅमेऱ्याने निवडलं ते १/५०० सेकंद. मीटरिंग (उजेडाचं माप) पूर्ण फ्रेमचं. जेपेग.

घाईचा_माणूस

एडिटिंगमध्ये हायलाइट पूर्ण खाली, शॅडो पूर्ण वर. पाच सेकंदांचं काम.

अर्धी_सावली

केलं. पांढरा बल्ब राखाडी झाला. आता टकलावर नाणं चिकटवल्यासारखं दिसतंय.

जुना_रोलवाला

नाणं दिसणारच. जिथे पांढरं जळलं तिथे कॅमेऱ्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही, ते कितीही खाली ओढा, राखाडी रंग मिळेल, कातडी मिळणार नाही. काळ्याचं तसं नसतं. सावलीत थोडंफार काहीतरी साठलेलं असतं, ते वर काढता येतं, फार तर दाणे दिसतात. म्हणून कवडशांच्या फोटोत पहिला मान उन्हाचा.

हिशेब करून बघा. भर उन्हाचा जुना ठोकताळा असा, की एफ/१६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. तुमचा आयएसओ ४००, म्हणजे १/४००. एफ/१६वरून एफ/४वर आलात की छिद्र चार स्टॉप उघडलं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), म्हणून शटर हवं १/६४००. तुमचं होतं १/५००. टकलावरच्या उन्हाला गरजेच्या जवळजवळ तेरा पट प्रकाश मिळाला. सकाळचं ऊन जरा मवाळ असतं, अर्धं धरा. तरी सहा पट झालं, बल्ब पेटणारच. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याने फ्रेमभर बघितलं, बहुतेक सगळी सावली दिसली, सावलीला धरून माप काढलं. तुमचा डोळा टकलाकडे वळतो तेव्हा तिथलं ऊन सोसून घेतो, मामांच्या डोळ्यांकडे वळतो तेव्हा सावलीला सरावतो, आणि हे सगळे तुकडे जोडून एकच चित्र झालं असं तुम्हाला वाटतं. कॅमेऱ्याला एका क्लिकला एकच माप.

मी हे स्लाइड फिल्मवर शिकलो आणि महागात शिकलो. स्लाइडमध्ये पाचेक स्टॉपांचा फरक मावायचा, त्यापलीकडे एक तर काळोख नाहीतर कोरी फिल्म. धाकटी बहीण जिन्यात बसून केस विंचरत होती, वरच्या झरोक्याच्या जाळीतून तिच्या पाठीवर उन्हाची नक्षी पडली होती. मी हातातला मीटर तिच्या हनुवटीखाली, सावलीत धरला आणि त्या एका मापावर छत्तीसचा अख्खा रोल संपवला. फार हुशारी वाटली होती तेव्हा, माप बदललं नाही म्हणून! स्लाइड धुऊन आल्या, उजेडाकडे धरल्या, तर छत्तीसच्या छत्तीस फ्रेममध्ये बहिणीच्या पाठीला भोकं. आजही डब्यात आहेत. कुणी सावलीला मीटर लावताना दिसला की मला ती भोकं आठवतात.

तर पुढच्या वेळी असं करा. मीटर स्पॉटवर (फ्रेमचा एकच छोटा भाग मोजेल असा) घ्या आणि उन्हात असलेल्या पेपरावर लावा. मीटर त्या पांढऱ्याला मधला करडा समजतो आणि काळवंडून टाकतो, म्हणून तो सांगेल त्यावर एक ते दीड स्टॉप वाढवा. ते मॅन्युअलवर पक्कं करा. मग मामा कुठेही सरकोत, कवडसे कितीही नाचोत, मापाला हात लावायचा नाही, कारण ढग आड येईपर्यंत ऊन काही बदलत नाही. बदलते ती तुमच्या फ्रेममधली उन्हा-सावलीची वाटणी, आणि ऑटो मीटर नेमका तिलाच भुलतो.

आयएसओ ४०० कशाला ठेवलात कळलं नाही. १००वर या. एफ/४ला शटर १/८०० ते १/१६००च्या मध्ये कुठेतरी येईल. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, जेपेगमध्ये सावली वर काढायला गेलात की चिखल होतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख (कुठला रंग किती उजळ आलाय ते दाखवणारे) दिसत असतील तर तेच बघा. उन्हातल्या कातडीत लाल रंग आधी जळतो आणि एकत्र आलेखात ते लपून राहतं.

सावली किती काळी ठेवायची हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मला काळी आवडते. मोबाइलने चार-पाच फोटो एकावर एक रचून सगळं सारखं उजळून दिलं, म्हणूनच तुमचं ऊन हरवलं.

गणिताची_वही

लेन्स बिघडलेली नाही, दुरुस्तीला टाकू नका. भिंतीवरची सावलीच मुळात धुरकट आहे, आणि लेन्सने ती जशी होती तशी इमानदारीने टिपली.

सूर्य म्हणजे टिंब नाही, आकाशातली अर्ध्या अंशाची थाळी आहे. पानाच्या कडेजवळ भिंतीवर अशा जागा असतात जिथून अर्धी थाळी दिसते, अर्धी पानाआड जाते. तिथे ना धड ऊन ना धड सावली. (तुमचं नाव त्यावरूनच घेतलंय की काय?) हा पट्टा किती रुंद, हे पान आणि भिंत यांच्यातल्या अंतरावर ठरतं. अंतराला साधारण १०८ ने भागायचं. वेलाचं पान भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर कडेचा धुरकटपणा जेमतेम १ मिलिमीटर, म्हणून ती सावली सुरीने कापल्यासारखी. झाडाची फांदी ३ मीटरवर असेल तर तोच पट्टा जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर. आणि तुमच्या झाडाची पानं बारीक, म्हणजे पानच त्याहून अरुंद! अशा पानाची पूर्ण काळी सावली भिंतीपर्यंत पोचतच नाही, नुसता मंद डाग पोचतो.

खात्री करायची तर उन्हात भिंतीला बोट टेकवा आणि हळूहळू मागे न्या. एक वीतभर मागे नेलंत तरी कड विरघळायला लागलेली दिसेल. हा धुरकटपणा अ‍ॅपर्चरने कमी-जास्त होत नाही, एफ/११ काय आणि एफ/२२ काय. खरं तर ही फुकटची सोय समजा. रेखीव वेल पुढे आणि विरघळलेलं झाड मागे, अशी खोली एकाच सपाट भिंतीवर आयती मिळते.

जाता जाता कवडशांचंही सांगतो. ते गोल का असतात याचा कधी विचार केलाय? पानांमधल्या फटी तर वाकड्यातिकड्या, कुठली तिकोनी, कुठली चिरेसारखी. पण प्रत्येक बारीक फट म्हणजे एक पिनहोल कॅमेरा, आणि खाली पडलेला ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी झाडाखाली जाऊन बघा, सगळे कवडसे कोरीसारखे झालेले असतात. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत हा प्रश्न विचारला गेला होता, आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरने त्याचं भूमितीतलं नीट उत्तर १६०४ साली छापलं. इथेही तोच १०८ चालतो. फट कवडशापासून ४ मीटरवर असेल तर कवडसा सुमारे पावणेचार सेंटिमीटरचा. ऊन तिरपं असलं की तो जमिनीवर लांबट होतो, तेव्हा अरुंद बाजू मोजायची.

रोलवाले काकांच्या हिशेबात एक भर. असा गोल कवडसा भर उन्हापेक्षा मंदच असतो, कारण त्या बारीक फटीतून तिथे सूर्याच्या थाळीचा तुकडाच उजेड पाठवतो. फाटक्या कडांचे मोठे डाग दिसतात तिथे मात्र फट मोठी असते आणि पूर्ण ऊन उतरतं. मामांच्या डोक्यावर बहुधा असाच मोठा डाग होता. एफ/१६चा ठोकताळा त्या डागांसाठी धरा, गोल ठिपक्यांना त्याहून एखाद-दोन स्टॉप जास्त दिला तरी ते जळत नाहीत.

अर्धी_सावली

नाव त्यावरून नाही घेतलं हो, आता मात्र त्यावरूनच घेतलं असं सांगत जाईन. बोटाचा प्रयोग केला. दहा मिनिटं भिंतीशी बोट नाचवत उभी होते, शेजारच्या काकू काही न बोलता खिडकी लावून आत गेल्या.

सौम्य_उजेड

मी पैसे घेऊन लोकांचे फोटो काढते, त्या अनुभवावरून सांगते: माणसाला कवडशात बसवूच नका. नाकावर एक ठिपका, एका डोळ्यावर एक, ओठाच्या कोपऱ्यात एक. समोरचा माणूस फोटो बघून पहिलं काय विचारतो, तर माझ्या तोंडावर हे कसले डाग? एका मुलीने मला सगळे फोटो परत काढायला लावले होते आणि तिचं चुकलं नव्हतं. मी आता दोघांना पातळ पांढरं कापड धरून उभं करते, ऊन त्यातून आलं की मऊ होतं. किंवा माणसाला सरळ झाडाच्या सावलीच्या कडेला आणते, तोंड मोकळ्या आकाशाकडे.

जुना_रोलवाला

कापड धरलंत की कवडसेच गेले. मग झाडाखाली बसायचं कशाला, खोलीत बसा. तिला मामांचा पासपोर्टचा फोटो नकोय, तिला झाडाखाली पेपर वाचणारे मामा हवेत.

सौम्य_उजेड

काका, तुमच्या बहिणीला विचारा भोकं आवडली का.

जुना_रोलवाला

विचारलं होतं. नाही आवडली.

रंगपेटी

हे भांडण जुनं आहे. रन्वार या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसमध्ये १८७६च्या प्रदर्शनात एक चित्र ठेवलं होतं, झाडीत बसलेल्या बाईच्या उघड्या अंगावर पानांतून गळलेला उजेड. ‘ले फिगारो’ या वर्तमानपत्रात अल्बेर वोल्फ नावाच्या समीक्षकाने त्यावर अशा अर्थाचं लिहिलं, की बाईचं अंग म्हणजे हिरवे-जांभळे डाग पडलेलं सडकं मांस नव्हे, हे कुणीतरी त्या रन्वारला समजावून सांगा. म्हणजे अर्धी सावली, तुमच्या आईने जे म्हटलं तेच, जरा कडू शब्दांत.

त्याच वर्षी त्याने झाडाखालच्या नाचाचं ते मोठं चित्र काढलं, ‘मूलँ द ला गालेत’चं. सापडलं तर त्यात पुढच्या बाजूला पाठमोरा बसलेला माणूस बघा. कवडसे त्याच्या गडद कोटाच्या पाठीवर सांडलेत. मी फोटो काढताना हे उचललंय: डाग कापडावर, टोपीवर, हातावर, टेबलावर पडू द्यायचे, चेहरा एकतर सगळा सावलीत नाहीतर सगळा उन्हात. गडद कापड असेल तर फारच छान, कारण ते जळत नाही आणि ठिपका उठून दिसतो. पांढरा सदरा म्हणजे कवडशांचा शत्रू.

हिरवटपणाचं कारण एवढंच की मामांवर दोन-तीन वेगवेगळे उजेड पडलेत. थेट ऊन साधारण ५,५०० केल्विनचं (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळा). सावलीत पोचतो तो निळ्या आकाशाचा उजेड, ७,०००च्या पुढचा. त्यातून वर पानांचं छत, त्यांच्यातून आरपार आलेला उजेड हिरवा. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने स्वतः ठरवलेला रंगांचा तोल) या सगळ्यांची खिचडी करतो. ‘डेलाइट’वर ठेवा, म्हणजे ऊन उन्हासारखं दिसेल आणि सावली थोडी निळी राहील, ती तशीच असते. ‘शेड’ लावाल तर सावली सुधारेल पण कवडसे संत्र्याच्या रंगाचे होतील. कातडीवरचा हिरवा मात्र वाईट दिसतो, तो नंतर फक्त सावलीतल्या भागावर मास्क लावून जरा किरमिजीकडे ढकला. पूर्ण फोटोवर ढकलू नका, नाहीतर पानं मेल्यासारखी दिसतात.

जुना_रोलवाला

रंगपेटी, पटलं. आणि यावरून एक सुचलं, आधीच सुचायला हवं होतं. मामांच्या हातात रिफ्लेक्टर आहे की! मामांना बाकावर एवढंच सरकवा की डोकं सावलीत जाईल आणि उन्हाचा मोठा डाग उघड्या पेपरावर येईल. उन्हातला कागद खालून तोंडावर उजेड फेकतो, आणि तो थेट उन्हाचा उजेड असतो, पानांमधून गाळलेला नाही, त्यामुळे हिरवाही मारला जातो. पेपर खाली धरला की हनुवटी उजळते, वर धरला की डोळे. मामा वाचताहेत, रिफ्लेक्टर धरलाय हे त्यांना कळायचंही नाही.

गणिताची_वही

मात्र हात चालवा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे स्वतःची रुंदी तो दोनेक मिनिटांत ओलांडतो. कवडसाही तसाच. आत्ता पेपरावर असलेला गोल ठिपका दोन मिनिटांनी पूर्ण त्याच्या शेजारी गेलेला असतो. मोठा डाग असेल तर जरा जास्त वेळ मिळेल.

अर्धी_सावली

एक आठवड्याने हजर. आज पुन्हा रविवार, पुन्हा बाक, पुन्हा मामा.

आयएसओ १००, एफ/४, स्पॉट पेपरावर, वर सव्वा स्टॉप, १/१०००. रॉ. डेलाइट. मामांना अंदाजे दोन वीत डावीकडे सरकवलं. ‘का?’ म्हणाले, मी म्हटलं विज्ञान. डोकं सावलीत गेलं आणि उन्हाचा मोठा डाग पेपराच्या उजव्या पानावर आला. पहिले दोन-चार फोटो स्क्रीनवर इतके काळे दिसले की हात शिवशिवत होता शटर बदलायला. बदललं नाही. काका, तुमची भोकं डोळ्यांसमोर ठेवली.

पेपरावरचा डाग साधारण पाच मिनिटं टिकला. मग तो पेपराच्या घडीवर चढला आणि मामांच्या अंगठ्यावर घसरला. त्या क्षणी मामांनी पान उलटलं. पान हवेत अर्धं उभं असताना त्याची सगळी चमक त्यांच्या चेहऱ्यावर गेली, चष्म्याच्या काचांच्या खालच्या कडेला दोन पांढऱ्या रेघा आल्या, आणि गळ्याजवळच्या सुरकुत्या खालून उजळल्या. बर्स्टवर (सलग भराभर फोटो) होते म्हणून सापडलं, अकरा फ्रेममधली एक. पेपरातली ठळक अक्षरं वाचता येताहेत, पाठीमागे वेलाची सावली रेखीव, झाडाची विरलेली, आणि चेहरा सावलीत आहे पण आजारी नाही. घरी फक्त सावल्या जरा वर काढल्या, कानामागचा हिरवा जरासा कमी केला. दाणे आहेत थोडे. असू देत.

सौम्य_उजेड, तुमचंही करून बघितलं, आईने जुनी ओढणी धरली. चेहरा सुंदर आला, खरंच, पण बाक, भिंत, मामा, सगळ्यांवरचं ऊन गेलं. तो फोटो आईला आवडलाय, तिने मागून घेतला.

एक मात्र अजून जमलं नाही. जमिनीवरचे गोल कवडसे वरून काढले की नुसते ठिपके-ठिपके दिसतात, फोटोत नजर कुठे थांबतच नाही. कुणी जमवलंय का?

रंगपेटी

वरून नका काढू. खाली बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, ऊन समोरून येईल असं. लांबचे ठिपके एकमेकांत मिसळून पट्टे होतात आणि जवळचे सुटे राहतात. आणि एखादी वस्तू अशी असू द्या जिच्यावर एकच कवडसा आहे. चप्पल, बादली, काहीही. वस्तू हलवायची, कवडसा हलत नाही. म्हणजे वहीवाले म्हणतात तसा हलतो, पण तुमचं ऐकून नाही.

सौम्य_उजेड

पेपराची युक्ती मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते. अर्धी सावली, मामांना तो फोटो आवडला का?

अर्धी_सावली

मामांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून नीट बघितले, नव्यात डोकं फारच काळं आलंय म्हणाले, आणि टकलावर बल्ब असलेला जुनाच फोटो डीपीला लावला.